पांढऱ्या मेणखडूची आतषबाजी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना काय करायला द्यायचं याचे व्हिडिओ बघायला बसलं की एक गोष्ट पटकन लक्षात येते, त्यात मुलं नसतातच. दोन स्वच्छ हात असतात, टेबलावर एक डाग नाही, ब्रश धुतलेले, आणि अर्ध्या मिनिटात सणासुदीचं झकास चित्र तयार. इकडे घरात ते अर्धं मिनिट जाड ब्रश कुणाचा यावरच गेलेलं असतं. मग होतं असं की कापायचं मोठ्यांनी, चिकटवायचं मोठ्यांनी, पोराने मधे कुठेतरी एक अंगठा उमटवायचा आणि कोपऱ्यात नाव मात्र त्याचं. शाळेचं प्रोजेक्ट असेल तर एकवेळ समजू शकते, उद्या द्यायचं असतं आणि आज रात्री आठवण झालेली असते. पण सुट्टीत पण तेच?

तरी एक क्राफ्ट असं आहे जे मी भाचरांबरोबर परत परत करते, कारण त्यात मोठ्यांना नाक खुपसायला फारशी जागाच मिळत नाही. आतषबाजीचं चित्र. रात्रीचं आकाश, त्यात फुटलेली रंगांची फुलं, खाली माना वर करून बघणारी माणसं, झालंच तर पताकांची माळ. सुट्टीत कुठलाही उत्सव जवळ आला की हा विषय मुलं स्वतःच काढतात, सुचवावा लागत नाही. आणि गंमत म्हणजे लहानातल्या लहान पोरालाही तो जमतो. नुसता जमत नाही, मोठ्यांपेक्षा बरा जमतो.

का जमतो याचं उत्तर मला ऱ्होडा केलॉग या अमेरिकन बाईंच्या कामात सापडलं. बालवाडीच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेली बाई, देशोदेशीच्या लहान मुलांची लाखो चित्रं तिने गोळा केली, आणि आपण ज्याला गिरगोट्या म्हणून केराच्या टोपलीत टाकतो त्यांचे २० मूळ प्रकार नीट वेगळे काढले. तिला दिसलं ते असं की मूल कुठलंही असो, आधी रेघोट्या मारतं, मग गोल बंद करायला शिकतं, गोलात फुली मारतं, आणि मग त्या गोलाच्या कडेने बाहेर जाणाऱ्या रेषा ओढायला लागतं. झाला सूर्य. पुढे त्याच सूर्याला डोळे येतात, किरणांमधले दोन-चार लांब होतात आणि त्याचा माणूस बनतो. म्हणजे मधून बाहेर फुटणाऱ्या रेषा हा आकार तीन-चार वर्षांच्या पोराच्या हातात आधीपासून बसलेलाच असतो. आतषबाजी म्हणजे दुसरं काय असतं? आपण फक्त कागद द्यायचा आणि आकाश म्हणायचं.

मोठ्या मुलांचं जरा वेगळं असतं. आठ-नऊ वर्षांच्या पुढे एक वाईट सवय लागते, चित्र खऱ्यासारखं दिसतंय का हे तपासायची. कालपर्यंत धडाधड हत्ती काढणारा मुलगा एकदम खोडरबर मागायला लागतो. माझ्या भाच्याचं नेमकं हेच झालंय, त्याच्या कागदावर चित्र कमी आणि खोडल्याचा भुसा जास्त असतो. त्याला घोडा काढ म्हटलं तर तो "मला नाही जमत" म्हणून उठून जाईल, पण फटाक्याचं फूल चुकलं असं कोण म्हणणार, फटाका काय दर वेळी सारखा फुटतो का. एवढं कळलं की तो खोडरबर विसरतो. निदान तासभर तरी.

आता मुख्य कृती, आणि इथे हीरो आहे पांढरा मेणखडू. खडूंच्या प्रत्येक पेटीत हा एक बिचारा असतो, बाकी सगळे झिजून नखाएवढे झालेले आणि हा अजून कागदी वेष्टनात टोकासकट शाबूत, कारण पांढऱ्या कागदावर त्याने काढायचं काय? १९०३ साली क्रेयोलाची पहिली पेटी आली तिच्यात ८ रंग होते, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा. पांढरा नव्हताच, आणि तेव्हा कुणाचं काही अडलंही नसणार. तर हा खडू घ्यायचा, जाड कागद घ्यायचा (पातळ कागद पाण्याने लडबडतो आणि घासला की फाटतो), आणि दाबून, अगदी जोर लावून फुलं काढायची. कागदावर काहीच दिसत नाही. लहान मुलं इथे जाम वैतागतात, "येतच नाहीये" असं म्हणतात, आणि आपण काही न बोलता बसायचं असतं. खूपच कुरकुर झाली तर कागद तिरका धरून उजेडात दाखवायचा, मेणाची चकाकी दिसते. मग जलरंगातला गडद निळा किंवा काळा भरपूर पाण्यात कालवून रुंद ब्रशने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, आणि ब्रश जिथून जातो तिथून फुलं वर येतात.

हे बघताना पोरांच्या तोंडातून जो आवाज निघतो त्यासाठीच मी हे करते, उगाच शिक्षणबिक्षणाचं कारण कशाला सांगा.

पण त्यामागचं काम समजून घेण्यासारखं आहे. कागद म्हणजे झाडाचे तंतू, पाणी दिसलं की पिऊन टाकणार. मेणखडू म्हणजे मेणात कालवलेला रंग, त्याचं आणि पाण्याचं पटत नाही. मेण तंतूंच्या मधल्या फटी बुजवतं, पाणी आत शिरू शकत नाही आणि थेंब थेंब होऊन बाजूला पळतं. अळवावरचं पाणी म्हणतो ना, अक्षरशः तेच, त्या पानावरही मेणाचा सूक्ष्म थर असतो म्हणून तर ते टिकत नाही. त्यामुळेच इथे पोस्टर कलर घट्ट लावला की सगळी मजा जाते, तो घट्टपणामुळे मेणावरही बसतो आणि फूल गाडलं जातं. पातळ हवा, जेवढं पाणी जास्त तेवढं बरं. आणि ज्यांच्या हातात अजून जोर नाही त्या चिमुरड्यांना ऑइल पेस्टल द्यावेत, ते मऊ असतात, हलक्या हाताने घासले तरी जाड थर बसतो.

भाच्याने हे सगळं बघून विचारलं, "पण मग पांढरा रंग लावला कोणी?" मी म्हटलं, कोणीच नाही. तो पांढरा खडूचा पण नाहीये धड, तो कागद आहे, तुझ्या खडूने फक्त त्याला भिजू दिलं नाही. त्याला हे पटायला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर मलाही हे डोक्यात नीट बसायला बराच काळ गेलाय. उजेड रंगवता येत नाही. कितीही महागाचा पिवळा आणा, तो कागदावर पडलेल्या उजेडातला थोडा परत पाठवणार, स्वतःचा उजेड काही पाडणार नाही. त्यामुळे चित्रात उजेड हवा असेल तर तो आधीच राखून ठेवावा लागतो आणि भोवती अंधार करावा लागतो. जलरंगात काम करणारे हेच करतात, पांढऱ्याच्या जागा सोडत जातात, कधी कधी रबराचं पातळ द्रव्य लावून झाकून ठेवतात आणि नंतर खरवडून काढतात. लाकडी ठशांच्या छपाईतही पांढरं म्हणजे बहुतेक वेळा शाई न लागलेला कागदच. एवढी मोठी गोष्ट पाच वर्षांच्या भाचीने एका दुपारी हाताने करून टाकली, आणि तिला ती मोठी आहे हे माहीतही नाही. ती लगेच पुढच्या कागदावर स्वतःचं नाव लपवायला बसली.

उलट बाजूने पण जाऊन बघावं, काळ्या कागदावर. इथे मुलं हमखास जलरंगाच्या वड्या उघडतात, लाल लावतात आणि लाल दिसतच नाही, ओला डाग तेवढा. जलरंग पारदर्शक, प्रकाश त्यातून आत जातो, खालच्या कागदावरून परत येतो तेव्हा रंग दिसतो, आणि खालचा कागद काळा असेल तर परत येणार काय? काळ्या कागदाला पोस्टर कलर लागतो, खालचं झाकणारा, त्यातही थोडा पांढरा मिसळलेला. हे आधी सांगू नये असं माझं मत आहे. सांगितलं तर सूचना होते, नाही सांगितलं तर शोध लागतो. (रंगाच्या वड्या फुकट जातात हे मान्य.)

आणि चिखल. सगळे रंग आवडतात म्हणून सगळे एकत्र केले की होणारा तो तपकिरी-करडा चिखल. भाचीला वाटलेलं सगळे रंग मिळून सगळ्यात भारी रंग होईल, आणि तिचा तर्क चुकीचा नाही हो, आकाशातल्या उजेडाला तो लागू पडतो. लाल उजेड आणि हिरवा उजेड एकत्र आले की पिवळा दिसतो, सगळे आले की पांढरा. रंगाचं उलटं, प्रत्येक रंग उजेडातला काही भाग गिळून टाकतो, जेवढे जास्त रंग तेवढं जास्त गिळलं जाणार, शेवटी राहतो चिखल. तिने तो ओतून दिला नाही. त्याचा धूर केला. फटाक्यांचा धूर असतोच की, आणि मोठ्यांच्या चित्रात तो कधीच नसतो.

खऱ्या आतषबाजीत रंग येतो तो धातूंच्या क्षारांमुळे. स्ट्रॉन्शियम लाल देतं, बेरियम हिरवा, सोडियम पिवळा, आणि निळ्यासाठी तांबं. यातला निळा सगळ्यात अवघड, तांब्याचं जे संयुग निळा उजेड देतं ते फार उष्णता झाली की तुटतं आणि कमी उष्णतेत नीट झळकत नाही, त्यामुळे खरा झकास निळा क्वचित दिसतो. हे सांगितल्यावर भाच्याने चित्रातली सगळी फुलं निळी केली. का, तर आकाशात जमत नाही ते इथे जमतं. आणि हे रंगबिरंगी प्रकरणही तसं अलीकडचंच, एकोणिसाव्या शतकात नवी रसायनं वापरात आली त्याआधी आतषबाजी म्हणजे मुख्यतः सोनेरी-पांढऱ्या ठिणग्या. म्हणजे ज्याच्या पेटीत फक्त पिवळा उरलाय त्याने वाईट वाटून घेऊ नये, त्याचं चित्र जुन्या काळातलं आहे म्हणावं.

फुलं उमटवायला ब्रशच लागतो असं नाही. टिश्यूचा रोल संपला की आतलं पुठ्ठ्याचं नळकांडं उरतं, त्याच्या एका टोकाला बारीक पट्ट्या कापायच्या, बाहेर उलगडायच्या, रंगात बुडवून कागदावर दाबायचं. एका दाबात पूर्ण फूल. वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या कापल्या तर आणखी छान. हा प्रकार सगळ्यात धाकट्यांसाठी, कारण त्यांना दाबायला आवडतं आणि मनसोक्त दाबता येतं. दुसरा स्ट्रॉचा, पातळ रंगाचा थेंब टाकायचा आणि स्ट्रॉने फुंकर मारायची, थेंबाला फांद्या फुटतात. लहान मुलं फुंकायच्या ऐवजी ओढतात, म्हणून स्ट्रॉला वरच्या बाजूला एक छोटं भोक पाडून ठेवायचं, मग ओढलं तरी रंग तोंडापर्यंत येत नाही. आणि सलग फुंकू द्यायचं नाही, चक्कर येते, मोठ्यांना पण येते.

तिसरा प्रकार शिंतोड्यांचा, म्हणजे जुना टूथब्रश आणि अंगठा. हा बाहेर, मोकळ्या जागेत. यावर घरात कुणी "ही काय चित्रकला झाली?" म्हणालं तर माझ्याकडे एक गोष्ट तयार असते. जेम्स व्हिसलर नावाच्या चित्रकाराने १८७५ च्या सुमारास लंडनमधल्या क्रेमॉर्न बागेतल्या आतषबाजीचं चित्र काढलं, जवळजवळ सगळं काळं आणि त्यात सोनेरी ठिपके पडत असलेले. जॉन रस्किन हा तेव्हाचा बडा समीक्षक, त्याने १८७७ मध्ये लिहिलं की हा माणूस लोकांच्या तोंडावर रंगाचा डबा फेकायचे २०० गिनी मागतो. व्हिसलरने सरळ अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. कोर्टात त्याला विचारलं की दोन दिवसांच्या कामाचे २०० गिनी? तो म्हणाला, नाही, जन्मभराच्या ज्ञानाचे. १८७८ मध्ये तो खटला जिंकला आणि भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. खर्चाने पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं. मुलांना यातलं बाकी काही कळत नाही, पण तोंडावर रंगाचा डबा फेकण्याची आयडिया फार आवडते, तेव्हा ही गोष्ट टूथब्रश हातात असताना सांगू नये.

मिठाचं थोडक्यात. निळं आकाश ओलं असताना वर जाडं मीठ भुरभुरवायचं, प्रत्येक कण आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, रंग सरकतो आणि कणाभोवती फिकट चांदण्या तयार होतात. फार ओलं असेल तर मीठ विरघळून जातं, वाळलेलं असेल तर काहीच होत नाही, चकाकी नुकती उतरायला लागली की टाकायचं. उन्हाळ्यात ही वेळ इतकी छोटी असते की पोरं "मीठ कुठाय" ओरडेपर्यंत निघून जाते. आकाश एकदम रंगवायचंच नाही, तुकड्या-तुकड्याने करायचं.

ग्लिटर माझ्या घरात नाही. ते चमकतं हे खरं, पण ते प्लॅस्टिकचं चूर्ण आहे, फरशीतून, केसांतून, गटारातून ते कुठेही जातं आणि संपत नाही. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये सुट्या प्लॅस्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंदी आणली, तेव्हा मला उगाचच आपण जिंकल्याचा आनंद झाला होता. शिवाय ज्या चित्रात कागदच चमकतोय तिथे वरून चकमक ओतायची गरज काय.

राहता राहिलं बक्षीस. पाहुणे आले की कुणीतरी म्हणतंच, "चला, ज्याचं चित्र सगळ्यात छान त्याला बक्षीस." हेतू चांगला असतो. पण १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीत एक प्रयोग केला होता, तीन ते पाच वर्षांची, चित्र काढायची मुळात आवड असलेली मुलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी ताऱ्याचं आणि रिबिनीचं प्रशस्तिपत्र मिळेल, काहींना नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन परत वर्गात ठेवले, तर बक्षीस ठरवून घेतलेली मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. मला हे वाचून फार आश्चर्य वाटलं नाही. स्पर्धा म्हटलं की भाचा परत खोडरबर शोधायला लागतो हे मी बघितलेलं आहे.

मी "वा, छान" पण शक्यतो टाळते, अवघड असतं, तोंडातून निघून जातं. त्यापेक्षा बोट ठेवून विचारते, हे कसं आलं इथे? "हे काय आहे" असं विचारू नये, पोरं दुखावतात, कारण त्यांच्या मते ते स्वच्छ दिसत असतं. भाचीच्या एका चित्रात खाली एक माणूस होता, कान डोक्यापेक्षा मोठे आणि हात त्या कानांवर. वर आकाशात फूल एकच, बारकं. बाकी सगळा कागद जाड काळ्या आडव्या-तिडव्या रेघांनी भरलेला. मी विचारलं हे कसं आलं, तर म्हणाली, "आवाज आहे तो." तिला फटाके आवडत नाहीत हे आम्हाला तेव्हा कळलं, इतकी वर्षं आम्ही तिला हौसेने खांद्यावर बसवून दाखवायला नेत होतो.

दोन-चार दुपारी असं काम चाललं की घरभर ओले कागद वाळत पडतात आणि त्यांचं करायचं काय हा प्रश्न येतो. भिंतीवर किती लावणार. मग पताका. कागदांचे त्रिकोण कापायचे, वरच्या कडेला दोन भोकं, दोरीत ओवायचं, उत्सवाच्या दिवशी दारावर माळ. कापायला कात्री बोथट टोकाची द्यायची आणि आखून द्यायचं नाही, वाकड्या पताका वाऱ्यावर जास्त फडफडतात असं माझं आपलं मत आहे. मी त्यातलं ते आवाजाचं चित्र हळूच बाजूला काढून पुस्तकात ठेवलं होतं, म्हटलं एवढं तरी राहू दे. भाचीला माळेत एक पताका कमी पडली तशी तिने ते बरोबर हुडकून काढलं, माझ्याकडे जरा संशयाने बघितलं, आणि कान झाकलेल्या माणसाच्या मधोमध कात्री चालवून एकाच्या दोन पताका केल्या. "आता पुरल्या," म्हणाली, आणि दोरी मागितली.